मढवीबाईंची भेसळ

मढवीबाई चांगल्या होत्या का, असं परवा माझ्या नातीनं विचारलं. तिला शाळेत ‘मला आवडलेली व्यक्ती’ हा निबंध होता आणि माझ्याकडून तयार माल हवा होता. मी उत्तराला इतका वेळ लावला की ती उठून गेली आणि कुठल्याशा क्रिकेटपटूवर लिहून मोकळी झाली. तेव्हापासून मी विचार करतो आहे. बाई आणि मी वीसेक वर्षं एका शाळेत शिकवलं, निवृत्तीनंतरही जाणंयेणं राहिलं, आणि तरी त्यांच्याबद्दल एक धड वाक्य मला बोलता येत नाही. एक वाक्य जुळवलं की दुसरं त्याचा पाय ओढतं.

सोपं ते आधी सांगतो. आमची शाळा तुर्भ्याला, गोदामांच्या मागे. शाळेची घंटा आणि ट्रकचे हॉर्न यांतला फरक कळायला नव्या मुलांना आठवडा लागायचा. मी साताऱ्याकडचा, गणिताचा मास्तर. बाई इथल्याच, खाडीकाठच्या. त्यांच्या वडिलांचा जन्म मिठागरात गेला आणि बाईंचा गावठाणात. त्यांच्या डोळ्यांदेखत मिठागराच्या जागी शहर उभं राहिलं. त्याबद्दल त्यांना फार बोलायला आवडत नसे. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, “जमीन गेली, मानसा हायत ना? बस झाला.”

बुटक्या, रुंद हाडाच्या. पातळ जरा वर खोचलेलं, चाल भरभर. ब्लाउजच्या डाव्या खांद्याला दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली, त्यामुळे लहान मुलं त्यांना मिठी मारायची ती उजवीकडूनच. तिसरी-चौथीचे सगळे विषय त्यांच्याकडे आणि साऱ्या शाळेची हस्तकलाही त्यांच्याचकडे. वर्गात अगदी पुस्तकातलं मराठी. वर्गाचा उंबरा ओलांडला की गावची बोली सुरू. हे इतकं सहज व्हायचं की मी पहिले काही दिवस दारात थांबून ऐकत असे.

माझा पहिला गोंधळ अपूर्णांकांचा. चौथीतून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना पाव आणि अर्धा यांतलं मोठं काय ते धड सांगता येत नसे. मी एकदा स्टाफरूममध्ये चिडून बोललो. बाईंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीतला खिडकीचा पडदा गायब. सर सगळीकडे शोधताहेत, शिपायाला झापताहेत. शेवटी मढवीबाईंच्या वर्गात तो सापडला, पण चाळीस तुकड्यांत. अर्धे, पाव, अष्टमांश आणि काही भलतेच. मुलं ते जमिनीवर जुळवून पुन्हा पडदा करत होती.

सर म्हणाले, “बाई, हा शाळेचा पडदा आहे.”

“हो सर. आणि ही शाळेची मुलं आहेत,” वर्गातल्या मराठीत बाई म्हणाल्या. मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, “यो परदा कं कामाचा व्हता? नुसता धूल खात लटकला व्हता.”

त्या वर्षीची मुलं माझ्याकडे आली ती अपूर्णांकांत पक्की होती, हे मला कबूल करावंच लागतं. मात्र त्यांतली चार-पाच जण उत्तरपत्रिकेत ‘एक अष्टमांश पडदा’ असंच लिहीत. मी त्यांना गुण द्यावेत की कापावेत हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

बाई गोधड्या शिवत. गोधडीला त्या ‘गोधरी’ म्हणत. मशीन त्यांना वर्ज्य. जुने कपडे पसरायचे, थरावर थर, वरून मऊ झालेलं लुगडं, आणि कडेनं सुरुवात करून आत आत जात मध्यापर्यंत पोचणारा धावदोरा. शाळा सुटली की वर्गातली बाकं भिंतीला लावून त्या जमिनीवर बसत आणि मुली कोपरे धरून ठेवत. गोधडी पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात चिमूटभर तांदूळ घालून तो शिवून टाकत. “उपाशी गोधरीत झोप येत नाय,” हे त्यांचं कारण. मला दिलेल्या गोधडीचा तो कोपरा उंदरानं कुरतडला. मी तक्रार केली तर म्हणाल्या, “बगा, उंदराला पन पटला.”

लोक त्यांच्याकडे गाठोडी घेऊन येत. मुलांचे तोकडे झालेले कपडे असत, पण जास्त करून गेलेल्या माणसांचे. ते टाकवत नाहीत आणि कपाटात ठेवून रोज बघवतही नाहीत. बाई कुणाला नाही म्हणत नसत. बाईंचा एकच नियम होता: घाई करायची नाही. आणि एक पद्धत होती. ज्याचं मोल जास्त, तो कपडा आत जायचा. वर साधंसुधं. “वरचा झिजतं, आतला ऱ्हातं,” म्हणायच्या. त्यामुळे आपल्या गोधडीत नेमकं काय कुठे आहे हे कुणालाच दिसायचं नाही. बाईंवर विश्वास ठेवायचा आणि पांघरायची.

त्यांना मोठेपणाची चाड कशी नव्हती तेही सांगतो. निरोप समारंभात त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. नारळाच्या त्यांनी संध्याकाळीच वड्या करून वाटल्या. शाल आठ दिवसांत शिपायाच्या नातवाच्या दुपट्यात गेली. मुख्याध्यापकांच्या पत्नीनं ती ओळखली आणि त्या फार दिवस धुसफुसत होत्या. मढवीभाऊ, बाईंचे यजमान, न्हावा शेवा बंदरात कामाला होते. मोजकं बोलणारा माणूस. ते मला म्हणाले, “सर, शाल गेली त्याचा कं नाय. माझी दोन प्यांटी गेल्यात. मी बोललो का?”

मुलांना बाई सारखं सांगायच्या, “चुकलं तर उसवा, पण दोरा फेकू नका.” चित्र असो, बेरीज असो, शिवण असो, एकच मंत्र. पण स्वतःच्या गोधड्यांच्या बाबतीत उलटा न्याय. एकदा शिवलेली गोधडी उसवायला त्यांचा सक्त विरोध. “पोट फारल्यासारखा हाय ते.” मी म्हणालो, “बाई, वर्गात तर तुम्ही वेगळंच सांगता.”

“वर्गातला वर्गात, सर.”

मी या विसंगतीवर नुसता हसलो. तेव्हा विचारायला हवं होतं. मास्तरकीत एवढी वर्षं काढूनही योग्य प्रश्न योग्य वेळी मला कधी सुचलेला नाही.

मग दोन वर्षांपूर्वी नसरीनचा फोन आला. नसरीन आमची विद्यार्थिनी, आता वाशीला एका दवाखान्यात नर्स. मूळची उरणकडची कोकणी मुसलमान, वडील बेलापूरला जाळी आणि दोरखंड विकायचे. ती चौथीत असताना तिची आई तापानं गेली. घरच्यांनी आईचे कपडे देऊन टाकायला काढले, तेव्हा या पोरीनं त्यातून एक हिरवा कमीज दप्तरात लपवून शाळेत आणला आणि मढवीबाईंच्या हातात दिला. दोन महिन्यांनी बाईंनी तिला गोधडी दिली. ती घेऊन नसरीन हॉस्टेलला गेली, सासरी गेली, नोकरीला लागली.

“सर, मी येऊ का तुमच्याकडे? आत्ता?” फोनवर तिचा आवाज फाटला होता.

आली ती मोठी पिशवी घेऊन. सातवा महिना चालू होता. सोफ्यावर बसायच्या आधीच तिनं गोधडी बाहेर काढली. एक कड पूर्ण उसवलेली. बाळासाठी त्या हिरव्या कमीजचं आंगडं शिवायचं असं तिनं फार दिवसांपासून मनात धरलं होतं. म्हणून तिनं गोधडी उघडली. आत निघाला एक पुरुषी खाकी शर्ट, कुणाचं तरी जुनेर आणि बेडशीटचे तुकडे.

“अम्मीचा ड्रेस यात नाहीये, सर. नाहीचये. मी पूर्ण बघितलं. पंचवीस वर्षं मी कुणाच्या शर्टाला कवटाळून झोपतेय?”

मी तो शर्ट हातात घेऊन उलटसुलट करत राहिलो. मग आम्ही दोघं उठलो आणि कोपरखैरण्याच्या गावठाणात बाईंकडे गेलो.

बाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. मढवीभाऊ जाऊन बरीच वर्षं झालेली. ऐकायला कमी यायचं, पण डोकं लखलखीत. नसरीनला बघून त्यांना आनंद झाला. पोटाकडे बघून अजून झाला. मग उघडी गोधडी दिसली.

“उसवलीस?” त्या म्हणाल्या.

“अम्मीचा ड्रेस कुठे आहे, बाई?”

बाईंनी मान खाली घातली. मला वाटलं चूक झाली म्हणतील, वय झालं, गाठोडी मिसळली म्हणतील. तसं काहीही नाही. त्या वर्गातल्या मराठीत म्हणाल्या, “मी मुद्दाम दुसरीकडे घातला.”

हळूहळू जे कळलं ते असं. बाई कुणाचंच गाठोडं पूर्ण त्याच्या गोधडीत घालत नसत. त्यातला मुख्य कपडा दुसऱ्याच्या गोधडीत जायचा आणि दुसऱ्याचा ह्याच्यात यायचा. हे त्यांनी जन्मभर केलं आणि कुणाला सांगितलं नाही. मला तर नाहीच.

“का पण?” नसरीननं विचारलं.

इथे बाईंचं पुस्तकी मराठी सुटलं. “माझी आय गेली तवा मी तिच्याच लुगऱ्यांची गोधरी केली. फकस्त तिची. वरीसभर त्यात झोपली. सकाली उठवना. पोरांना जेवन द्यायचा सुचना. मढवींनी ती उचलून माल्यावर टाकली तवा मी उठली. एकाच मानसाची गोधरी मानसाला खाली धरून ठेवतं. दुसऱ्याचा थोरा आत असला का मानूस उठतं. तू उठलीस ना? शिकलीस, नर्स झालीस.”

“मी अम्मीमुळे उठले, बाई. मला वाटायचं ती आहे आत.”

बाई उसवलेली कड बोटांनी जुळवू लागल्या.

“मला विचारलं का नाहीत?”

“तू नव वर्सांची व्हतीस.”

“आणि नंतर? मी दर ईदला येत होते तुमच्याकडे. शिरखुर्मा घेऊन येत होते. एकदा सांगता आलं नाही?”

मी तिथे खुर्चीच्या कडेवर बसलो होतो आणि दोघींचंही मला पटत होतं. हीच माझी अडचण आहे. मला बाईंचा राग आला होता, खरंच आला होता, कारण एका लहान मुलीनं विश्वासानं दिलेली वस्तू परस्पर वळती करायचा अधिकार त्यांना कुणी दिला? आणि त्याच वेळी, माझी आई गेल्यावर तिच्या लुगड्याची म्हणून बाईंनी करून दिलेल्या गोधडीत झोपूनच मी सावरलो होतो, हेही मला आठवत होतं. त्या गोधडीत माझ्या आईचं काही नसणार, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

“कुठाय ते तेवढं सांगा,” नसरीन म्हणाली. “मला फक्त तो ड्रेस हवाय.”

“दिघ्याला. पारूच्या गोधरीत.” बाईंना क्षणही लागला नाही. “तिचा नवरा काविलीनं गेला, त्याच आठवऱ्यात तुझी आय गेली. दोन गाठोरी एकत्र आलती. यो खाकी सदरा पारूच्या नवऱ्याचा.”

आम्ही रिक्षा केली. बाईंना न्यायचं नव्हतं, पण त्या चपला घालून आधीच दारात उभ्या. वाटेत ऐरोलीच्या पुढे नसरीन एकदम म्हणाली, “सर, म्हणजे ती बाई पण समजत असणार ना, की तिच्या गोधडीत तिच्या मिस्टरांचा शर्ट आहे म्हणून? आता आपण तिला काय सांगायचं?” मी बाईंकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं नव्हतं, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

पारूबाईंची मुलं आमच्याच शाळेत शिकलेली. खोली माळ्यावर, लोखंडी जिना. त्यांनी बाईंना बघून आधी पाय धरले, मग चहा टाकला. चहा झाला. ज्या बाईंनी मुख्याध्यापकांना पडद्यावरून गप्प केलं होतं त्या कपात बघत बसल्या. शेवटी नसरीननंच सगळं सांगितलं.

पारूबाई हसल्या. “मला म्हाईत हाय की!”

“काय माहीत आहे?” मी विचारलं.

“ह्यात ह्यांचा सदरा न्हाई ते. पहिल्याच साली कड फाटली तवा बगितलं म्या. हिरवं बायकी कापड निघालं. म्हनलं, बाईंची गाठोडी इकडची तिकडं झाली. धुतलं, वाळवलं, परत आत घातलं. बाई, तुमच्या ध्यानात न्हाई आलं व्हय? माझा टाका मोठा हाय.”

“मना सांगितला का नाय?” बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“तुमाला वाईट वाटलं असतं. तुमी माझ्या पोरांना फुकट शिवून दिलतं सगळं. एवढ्या तेवढ्यावरनं बोलायचं का?” मग नसरीनकडे वळून म्हणाल्या, “कोन बाई आसंल ती, मी लई इचार करायची. हिरव्या रंगाची आवड असनारी. तुजी आई व्हय?”

गोधडी खाली पसरली. पारूबाईंनी आपलाच मोठा टाका कात्रीनं भराभरा उसवला आणि आत हात घालून कमीज काढला. विटला होता, पण हिरवा होता. नसरीननं घेर तपासला. घेरात एका जागी चौकोनी तुकडा नव्हता. लहानपणी बाहुलीला ओढणी करायला तिनंच तो कापला होता आणि मार खाल्ला होता. ती तो चौकोन बोटानं चाचपत बसली आणि रडायला लागली. पारूबाईही रडल्या. मला वाटलं चला, सुटलं. गणित जुळलं, उत्तर आलं.

नसरीननं डोळे पुसले आणि पिशवीतून खाकी शर्ट काढून पारूबाईंच्या पुढे धरला. “हा तुमचा.”

पारूबाईंनी तो हातात घेतला, उलटला, कॉलर बघितली. “ह्यो न्हाई.”

“नाय कसा?” बाई म्हणाल्या.

“ह्यांचा राखाडी व्हता. रंगाच्या कंपनीचा. खाकी कवाच न्हवता, बाई.”

सगळे बाईंकडे बघायला लागले. बाई त्या शर्टाकडे बघत होत्या. ओठ हलत होते, हिशेब लावत होत्या, कुणाचं गाठोडं कधी, कुणाचं कुठे. आणि मग मी जन्मात पहिल्यांदा मढवीबाईंना म्हणताना ऐकलं, “मना आठवत नाय.”

“जाऊ द्या बाई,” पारूबाई म्हणाल्या. “हाय कुटं तरी. मी इतकी वर्सं तेच म्हनत आले. बाईंकडं दिला म्हंजी हाय कुटं तरी.” पण बोलता बोलता त्या स्टोव्हकडे वळल्या आणि बराच वेळ वळल्या नाहीत. नवऱ्याचा दुसरा एकही कपडा त्यांच्याकडे नव्हता. फोटोसुद्धा शिधापत्रिकेवरचा, नखाएवढा.

खाली रिक्षात बसताना बाई म्हणाल्या, “मी शोधतंय.”

मला वाटलं बोलायचं म्हणून बोलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नवाला त्या माझ्या दारात. “चला सर. मना बारीक अक्षर दिसत नाय, पत्ते तुमी वाचा.”

पुढचे तीन-चार महिने मी कसे काढले ते माझ्या गुडघ्यांना विचारा. नसरीनला मुलगी झाली, हिरव्या आंगड्यातला तिचा फोटो मोबाइलवर आला, आम्ही तो बेलापूरच्या एका जिन्यात उभे राहून बघितला. बाईंनी शिवलेल्या गोधड्या कुठे कुठे गेल्या होत्या! तुर्भ्याच्या वस्तीत, बेलापूरच्या सोसायट्यांत, न्हावा शेव्याकडे कंटेनरच्या ट्रकांमागे दडलेल्या गावांत. प्रत्येक दारात बाई तेच वाक्य बोलायच्या, वर्गातल्या मराठीत, शिक्षा झालेल्या मुलासारखं सरळ उभं राहून: “माझ्याकडून भेसळ झाली आहे. मला एक कड उसवू द्या. परत शिवून देते.”

काहींनी हसून दिली. एका घरात आजोबांची म्हणून जपलेल्या गोधडीतून कुणाचा तरी भरजरी फेटा निघाला आणि ते लोक इतके खूश झाले की आम्हाला जेवल्याशिवाय सोडेनात. एका ठिकाणी मुलगा म्हणाला, “म्हणजे यात आमची आई नाहीये? आणि तुम्ही हे आत्ता सांगताय?” त्यानं गोधडी हातातून ओढून घेतली आणि दार लावलं. बाई दारासमोर उभ्या राहिल्या. मी चला म्हटलं तर म्हणाल्या, “त्याचा बरोबर हाय.” पण जिना उतरताना परत म्हणाल्या, “पन त्यो पोर झोपला ना त्यात एवढी वर्सं? सुखानं झोपला ना?”

चूक कबूल करायला निघालेली ही बाई आपली चूक मानते आहे की नाही, हेच मला त्या चार महिन्यांत कळलं नाही. सकाळी म्हणायच्या, मी लोकांची चोरी केली. दुपारी म्हणायच्या, परत जन्म मिळाला तर परत तेच करीन. दिवसाला दोन-दोन गोधड्या उसवायच्या आणि तिथेच बसून शिवायच्या. बोटांना पट्ट्या. एकदा मी चिडलो. म्हटलं, “बाई, पारूबाईंनी सोडून दिलंय. तुम्ही का धरून बसलाय?”

“तिनी सोरला नाय. ती पाठ करून रडली. मी बगितला.”

मीही बघितलं होतं.

मग तुर्भ्यात, निवृत्त झालेल्या एका वॉचमनच्या घरी, गोधडीच्या पोटातून राखाडी शर्ट निघाला. बाई केवढ्यानं तरी ओरडल्या, “हाच! सर, हाच!” खिशावर तांबडा डाग होता. “रंगाची कंपनी! बगा, रंग!” असं म्हणत त्यांनी तो छातीशी धरला, घडी केली आणि पिशवीत घातला. मग लगेच गोधडी शिवायला घेतली.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. त्या डागाचा आकार मला ठाऊक होता. पेपर तपासता तपासता टोपण न लावताच लाल शाईचं पेन खिशात ठेवायची माझी खोड, आणि त्यावरून घरात झालेलं भांडण. खालून दुसरं बटण बाकीच्यांपेक्षा मोठं होतं, तेही माझ्या ओळखीचं होतं, कारण ते माझ्या बायकोनं तिच्या कोटाचं काढून लावलं होतं. आईच्या लुगड्याबरोबर मीच तो शर्ट गाठोड्यात बांधून बाईंना दिला होता. मी तोंड उघडलं. बाई दात नसलेल्या हिरड्या दाखवत दोरा तोडत होत्या, त्या चार महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी तोंड मिटलं. शिवाय मला खात्री तरी कुठे होती? राखाडी शर्ट त्या काळात निम्मं तुर्भे घालत होतं. मोठं बटण काय, कुणीही लावतं.

दिघ्याला गेलो तेव्हा दुपार होती. बाईंना जिना चढताना दोनदा बसावं लागलं. वर जाऊन त्या जमिनीवर टेकल्या, श्वास लागला होता, आणि नुसता हात पुढे करून पिशवी पारूबाईंना दिली.

पारूबाईंनी शर्ट बाहेर काढला आणि खिडकीशी नेला. डागावरून अंगठा फिरवला. ते मोठं बटण दोन बोटांत धरून बघितलं. मग त्यांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं, त्यांच्या पट्ट्या बांधलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे की माझ्या खिशातल्या लाल पेनाकडे, हे मी देवाशपथ सांगू शकत नाही.

“ह्योच,” पारूबाई म्हणाल्या. “रंग गेलाच न्हाई बगा. किती धुवायची मी.”

आणि शर्टात तोंड घालून त्या रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं. तेवढं मला कळतं.

बाईंनी त्यांना गोधडी आणायला लावली. मला सुईत दोरा ओवायला सांगितला, कारण आता त्यांना भोक दिसत नव्हतं. शर्ट आत सारला आणि स्वतः कड शिवली, अगदी बारीक टाक्यानं, पारूबाईंच्या मोठ्या टाक्याशेजारी. तासभर लागला.

त्यानंतर बाई महिनाभरच राहिल्या. तो महिना मी गावी होतो, त्यामुळे माझ्यासाठी शेवटच्या बाई त्याच, दिघ्याहून परतताना रिक्षात बसलेल्या. डोकं मागे टेकलेलं, डोळे मिटलेले, पिशवी रिकामी झाल्यामुळे तिची घडी करून मांडीवर ठेवलेली. मला वाटलं झोपल्या. घणसोलीच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

“सापरला ना, सर?”

त्या मला सांगत होत्या की विचारत होत्या, ते मला कळलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, काही वाचता येईल म्हणून. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजायला लागले.

“सापडला, बाई,” मी म्हणालो.